उलटे थांबे

"उलटे सांग," हे दारात आडवे उभे राहून म्हणाले. स्कूटरची किल्ली त्यांच्या मुठीत होती.

"बाबा, प्लीज. राउंड सुरू होईल."

"मग पटकन सांग. हॉस्पिटलपासून सुरू कर आणि घरापाशी ये."

लेकीने माझ्याकडे पाहिले. मी काय करणार? मी तिचा डबा भरत होते. बापलेकीच्या भांडणात मधे पडायचे नाही, हा धडा मी केव्हाच शिकले आहे. पडले तर दोघेही माझ्यावरच उलटतात.

"हॉस्पिटल," ती भराभरा म्हणू लागली. "पोस्ट. बाजार. पाण्याची टाकी. पूल. घर. झालं? द्या किल्ली."

"शाळा?"

"कुठली शाळा?"

"टाकी आणि पूल यांच्या मधली. जिथं तू दहा वर्षं दप्तर घेऊन गेलीस, ती."

"आज रविवार आहे बाबा, शाळा बंद असते!"

"शाळा बंद असते, थांबा बंद नसतो." यांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि चपला शोधायला लागले. "चल, मी सोडतो."

"तुमचा गुडघा?"

"गुडघ्यानं चालवत नाहीत स्कूटर."

ती चिडली, पाय आपटले, पण बसली मागे. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचे डोके यांच्या पाठीला टेकलेले मी खिडकीतून पाहिले. पोरगी आदल्या दिवशी सकाळी ड्यूटीवर गेली होती, ती त्या दिवशी सकाळी घरी आली होती. आंघोळ केली, चार घास खाल्ले, जरा पाठ टेकली आणि पुन्हा निघाली. तोच कोट अंगात, त्याच्या खिशावर शाईचा तोच डाग.

आता हे उलट्या थांब्यांचे काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल या माणसाचे डोके फिरले आहे. फिरलेले आहेच, पण त्याला कारण आहे.

आमचे हे बस डेपोत कंट्रोलर होते. कुठल्या ड्रायव्हरने कुठली गाडी न्यायची, ते यांनी ठरवायचे. गाडीची चावी देण्याआधी हे प्रत्येकाला त्याच्या मार्गाचे थांबे शेवटून पहिल्यापर्यंत म्हणायला लावत. सुलटे थांबे झोपेतही म्हणता येतात, यांचे म्हणणे. उलटे म्हणायचे तर डोके जागे लागते. एखादा अडखळला, एखादा थांबा गाळला, की चावी नाही. "मागच्या खोलीत जा, आडवा हो." दुसरा ड्रायव्हर मिळाला तर ठीक, नाहीतर गाडी रद्द. मग प्रवासी ओरडत, मॅनेजर ओरडे, आणि भत्ता बुडाला म्हणून ड्रायव्हर शिव्या घालत. त्यांनीच यांचे नाव 'पाळणा' ठेवले. कुणी 'पाळणासाहेब' म्हणे, कुणी तोंडावर नुसतेच 'पाळण्या'.

यांची बढती किती वेळा दारापर्यंत आली आणि चहाही न घेता परत गेली. मॅनेजरच्या बायकोने एका लग्नात मला चारचौघींत ऐकवले होते, "तुमच्या ह्यांच्यामुळे फार गाड्या रद्द होतात हो वहिनी." मी घरी येऊन यांच्यावर अशी भडकले होते की बोलायची सोय नाही. इतरांचे नवरे साहेब झाले आणि आमचा पाळणा तो पाळणाच! पण एक खरे. यांच्या हातून चावी घेऊन गेलेला एकही ड्रायव्हर कधी गाडी चालवताना झोपला नाही. हे स्वतः ते कधी बोलत नाहीत, मीच आपली सांगते.

तर लेकीचे. ती आमच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तात्पुरत्या जागेवर ज्युनियर डॉक्टर होती. त्या रविवारच्या काही दिवस आधी ती जेवताना हसत हसत म्हणाली, "आज काय गंमत झाली! सिग्नलला थांबले आणि लाल दिवा बघता बघता डोळाच लागला. हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवतायत, मला पत्ताच नाही. शेवटी पोलिसानं येऊन हलवलं. त्याला वाटलं चक्कर आली." ती हसली. मी हसावे की रडावे अशा अवस्थेत. यांनी घास ताटात ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. दुसऱ्या दिवसापासून दारात थांब्यांची परीक्षा सुरू झाली.

यांना तशीही झोप नव्हती म्हणा. तिला डॉक्टरकीची ड्यूटी लागल्यापासून, ती कामावर असली की यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. "इथं जागं राहून तुम्ही काय मोठं ऑपरेशन करताय?" असे मी विचारायची. हे कूस बदलायचे.

आणि त्याच सुमारास तिच्यापुढे तीन बोलावणी येऊन पडली होती. पुढचे शिक्षण, म्हणजे तीन वर्षे शिकता शिकता राबायचे. एक जागा इथलीच. दुसरी पलीकडच्या प्रांतात, तिथे पगार इथल्या दीडपट. तिसरी डोंगराकडच्या प्रांतात, आणि तिथला पगार इथल्याहूनही कमी. एकच काम, तीच पदवी, तेच आजार, मग प्रांत बदलला की पगार कसा बदलतो, हे मला काही केल्या कळेना.

"कांद्याचा भाव नाही का गावागणिक बदलत?" लेक म्हणाली. "तसंच. आम्ही कांदे."

"मग काय ठरवलंस?" यांनी विचारले.

"त्यात ठरवायचं काय? दीडपट, बाबा! तीन वर्षं. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईल, आईचं मागचं छत होईल. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी पोटाला चिमटा घेतलाय, आता जरा बसून खा."

"आणि झोप?"

"कुठंही जा, पळसाला पानं तीनच. ज्युनियर डॉक्टर सगळीकडे मरतोच. मरायचंच आहे तर दीडपट घेऊन मरावं."

"तोंडाला काही लगाम?" मी हातातला डाव आपटला.

पंधरा दिवसांत तिने कळवायचे होते. हे बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि फोनमधली नावे वरखाली करू लागले. मी ओळखले, माणसाच्या डोक्यात काहीतरी शिजते आहे.

डेपोतली माणसे निवृत्त झाली की मुलाबाळांच्या मागे प्रांतोप्रांती पांगतात. यांचे दोन जिवाभावाचे ड्रायव्हर होते. एक पावशेर, अंगाने काडी, फुंकर मारली तर उडेल असा. तो पलीकडच्या प्रांतात जावयाकडे राहत होता. दुसरा भोंगा. याचा आवाज एवढा की गाडीचा हॉर्न बिघडला तर तो खिडकीतून डोके काढून ओरडे आणि बैलगाड्यासुद्धा बाजूला होत. तो डोंगरात मुलाकडे. यांनी या दोघांना कामाला लावले.

"हॉस्पिटलात जायचं," हे पावशेरला सांगत होते. फोन स्पीकरवर ठेवल्याशिवाय यांना बोलल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे आमच्या घरात कुणाचेच काही गुप्त राहत नाही. "केसपेपर काढायचा. आत ज्युनियर डॉक्टर असेल, त्याला विचारायचं. पगार वेळेवर होतो का, खोली मिळते का, आणि मुख्य म्हणजे ड्यूटी संपली की घरी सोडतात का."

"आणि आजार कुठला सांगू, साहेब?"

"तुला आजारांना काय तोटा? कुठलाही सांग."

मग भोंग्याला फोन. पलीकडून जो आवाज आला तो पत्र्यावर कानस घासल्यासारखा.

"कोण बोलतंय?" हे म्हणाले.

"अरे मी! भोंगा!"

"तुला काय झालं?"

"डोंगरातली हवा रे. दोन महिने झाले, आवाज बसलाय तो बसलाच. घरात सगळे खूश आहेत."

लेक तेव्हा नुकतीच ड्यूटीवरून आली होती. ओले केस पुसत ती फोनवर वाकली. "काका, भोंग्याला गंज चढला की काय? तेलपाणी करा जरा!"

तिकडे भोंगा हसला, हसता हसता खोकला. आम्हीही पोट धरून हसलो. मग ती सोफ्यावर टेकली आणि केसांत कंगवा तसाच ठेवून झोपून गेली. कंगवा मी काढला.

दोन-तीन दिवसांतच पावशेरचा फोन आला. बातमी पोटात राहणाऱ्यातला तो माणूसच नव्हे.

"साहेब, गेलो होतो. ही रांग! आत एक पोरगं, तुमच्या लेकीएवढंच. म्हटलं खोकला आहे. तो म्हणाला पाठ करा. पाठीला नळी लावली, म्हणाला, ‘श्वास घ्या.’ घेतला. आता ‘सोडा’ म्हणेल म्हणून वाट बघतोय. म्हणेचना! मी छाती फुगवून बसलोय. शेवटी हळूच सोडला आणि मान वळवून बघतो, तर पोरगं माझ्या पाठीला कपाळ टेकून गाढ झोपलेलं."

मी तोंडावर हात धरला. यांनी विचारले, "मग तू काय केलंस?"

"काय करणार? बसून राहिलो. हललो असतो तर पडला असता ना तो. रांगेतले ओरडायला लागले, त्यांना खुणेनं गप्प केलं. माझ्या पोराच्या लहानपणी असा बसलो होतो, त्यानंतर आज. मग नर्स आली नि तिनं टेबलावर थाप मारली. तो दचकून उठला, आणि उठल्या उठल्या म्हणतो काय, ‘सोडा!’"

मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आले. हे मात्र हसले नाहीत.

"पगार विचारलास?"

"विचारला. दीडपट आहे हे खरं. पण खोलीचे पैसे त्यातूनच कापतात, नि हातात पडतो तो तीन-तीन महिन्यांनी. म्हटलं, ड्यूटी कधी संपते? तर मलाच विचारतो, ‘कुठली?’ साहेब, उलटे थांबे राहू देत, त्या पोराला सुलटेही आले नसते."

संध्याकाळी यांनी हे सगळे लेकीला सांगितले. तिला त्यात नवल वाटले नाही, याचेच मला वाईट वाटले.

"एका डॉक्टरवरून सगळं हॉस्पिटल कसं ठरवता तुम्ही?"

"शितावरून भाताची परीक्षा."

"बाबा, मीही झोपते अशी. सगळेच झोपतात. पण तिथं शिकायला मिळतं. रोज शंभर प्रकारचे पेशंट. डोंगरात जाऊन मी काय बघणार, सर्दीपडसं? तीन वर्षांनी कोण विचारेल मला?"

ती म्हणाली ते काही खोटे नव्हते. सुखासुखी राहायला कुणी डॉक्टर होत नाही, एवढे मलाही कळते. मी तर मनातून तिच्याच बाजूला झुकले होते, खरे सांगते. मागचे छत पावसाळ्यात चार ठिकाणी गळत होते. यांच्या गुडघ्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येत होता. तीन वर्षे काय, हां हां म्हणता जातील, असे मी स्वतःला समजावत होते.

भोंग्याचा मात्र पत्ता नव्हता. आठवडा झाला, वर दिवस गेले, फोन नाही. आपण केला तर मुलगा उचलायचा आणि "बाबा बाहेर गेलेत, मग बोलतील" म्हणायचा.

"विसरला असेल," मी म्हटले.

"भोंगा? त्याला गप्प बसवायला चार माणसं लागतात," हे म्हणाले आणि उगाच येरझारा घालत राहिले.

कळवायच्या आदल्या दिवशी दुपारची गोष्ट. लेक जेवून टेबलाशीच बसली होती, मोबाइलवर तिन्ही जागांची नावे समोर. "दुसरी दाबते हं," ती म्हणाली. हे खिडकीबाहेर बघत होते. त्यांना जे म्हणायचे होते ते सगळे म्हणून झाले होते. आणि तेवढ्यात फोन वाजला.

"पाळण्या," आवाज इतका बारीक की यांनी फोन उचलून कानाला लावला, मग सवयीने स्पीकर दाबलाच. "डॉक्टरनं जास्त बोलू नको म्हटलंय. पण तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना."

"कुठं मेला होतास रे? काय झालं?"

"सांगतो, क्रमानं सांगतो. गेलो हॉस्पिटलात. एक पोरगी बसली होती, ज्युनियर डॉक्टर. विचारलं, काय तक्रार? आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? म्हटलं, तक्रार काही नाही, तुमचा पगार विचारायला आलोय. ती हसायलाच लागली. म्हणाली, मुलासाठी स्थळ बघताय का? मग मी तुझ्या लेकीचं सगळं सांगितलं. तिनंही सगळं सांगितलं बघ. पगार म्हणजे सांगायला लाज वाटते इतका. खोलीची खिडकी लागत नाही, नळाला गरम पाणी आलं तर आलं. पण ड्यूटी संपल्यावर कुणी वॉर्डात रेंगाळलं तर मोठ्या डॉक्टरीणबाई हाताला धरून बाहेर काढतात, म्हणाली."

भोंगा दम घ्यायला थांबला. लेकीने मोबाइल खाली ठेवला होता.

"मग मला तुझी आठवण झाली. म्हटलं, मजल्यांवरचे वॉर्ड वरून खाली सांगा बघू. धडाधड म्हणाली, पाळण्या! एक चुकली नाही. आणि मग मलाच म्हणते, ‘आता माझी पाळी. तुमचा आवाज कधीपासून असा आहे?’ म्हटलं, हवा लागलीय, दोन महिने झाले. ती हसायची थांबली. तंबाखू खात होता का? म्हटलं, गाडीवर असताना, झोप येऊ नये म्हणून. मग उठलीच ती. स्वतः मला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नाकातून नळी घातली त्यांनी."

"आणि?"

"गाठ आहे. तुकडा काढून तपासला. तीच आहे ती, आपण जिचं नाव घेत नाही ती."

हे खुर्चीत बसले.

"अरे, ऐक ना पुढं! तांदळाच्या दाण्याएवढी आहे. एकाच बाजूला. किरणांचा शेक देऊन जाईल म्हणाले, आवाजही राहील. अजून काही महिने अंगावर काढलं असतं तर गळ्यातली पेटीच काढावी लागली असती. मी ते ऐकून तुला फोन करणार होतो, पण पोरगा म्हणाला, आधी नक्की काय ते कळू दे. रडतोस काय मूर्खा? मी बरा होणार आहे. तुझ्यामुळे गेलो मी तिथं. मी आपण होऊन दवाखान्याची पायरी चढलो असतो का?"

हे खरेच रडत होते. लेकीने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि तिचा आवाज एकदम वेगळा झाला, वॉर्डातला असेल तसा. कुठली बाजू, गिळताना दुखते का, गळ्याला बाहेरून गाठ लागते का, शेक कधीपासून. भोंग्याने त्या बारीक आवाजात उत्तरे दिली. "काका, तुम्ही बरे व्हाल," ती म्हणाली. "उगाच धीर देत नाहीये. खरंच व्हाल. आता गप्प बसा." फोन ठेवून ती तशीच उभी राहिली.

मला आधी एवढे हुश्श वाटले की मी देवाचे नाव घेऊन पाणी प्यायला उठले. वाचला, बाई, वाचला! आणि वळून बघते तर लेकीचा चेहरा पांढरा पडलेला.

"आई, मी ऐकला होता तो आवाज."

"कुठला?"

"इथंच उभी होते. दोन महिने आवाज बसलाय, असं काका स्वतः म्हणाले. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला तर घसा बघायचाच, हे पहिल्या वर्षाच्या पोराला येतं. परीक्षेत लिहिलंय मी हे. आणि मी काकांना काय म्हटलं? तेलपाणी करा."

"अगं, आम्हीही हसलो."

"तुम्ही डॉक्टर नाही!" ती ओरडली, आणि मग खाली बसून ढसाढसा रडली. सिग्नलवर झोपली तेव्हा हसणारी पोरगी. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

हे डोळे पुसून तिच्यासमोर येऊन बसले. गुडघा कुरकुरला.

"तू झोपेत होतीस," ते म्हणाले.

"मी जागी होते, बाबा. तुमच्यासमोर उभी होते, बोलत होते."

"तेच सांगतोय मी. माझ्याकडे असे कितीतरी यायचे. उभे असायचे, विड्या ओढायचे, विनोद करायचे. आणि झोपेत असायचे." हे थांबले. "ड्रायव्हर झोपला तर तो त्याचा दोष नसतो, बाळा. चावी देणाऱ्याचा असतो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. बढत्या गेल्या, लोकांनी नावे ठेवली, मी भांडभांड भांडले, तेव्हाही यांनी ते मला ऐकवले नव्हते. मला स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभे राहावे लागले.

बाहेर आले तर लेकीने तोंड धुतले होते. मोबाइल तिच्या हातात होता.

"काकांनी पगार किती सांगितला?"

"लाज वाटेल इतका," हे म्हणाले.

"चालेल."

"आणि शिकायला मिळणार नाही ते?"

"त्या मुलीला एक पेशंट दिसला, बाबा. खरोखर दिसला. मला वर्षभरात किती दिसले कोण जाणे." तिने माझ्याकडे पाहिले. "आई, तुझं छत मात्र राहिलं."

"राहू दे गं," मी म्हटले. "बादल्या आहेत घरात. पाचवी विकत आणीन."

तिने तिसऱ्या नावावर बोट ठेवले. मग दिवसाढवळ्या अंथरूण घालून झोपली, ती ड्यूटीच्या वेळेला मीच हलवून उठवली.

ती डोंगरात गेली तेव्हा तिला उतरवून घ्यायला भोंगा बसस्टँडवर हजर होता. शेक सुरू झाला होता, गळा काळवंडला होता आणि बोलायची सक्त मनाई. लेक सांगत होती की तो तिच्या दोन्ही बॅगा उचलून पुढे चालत होता आणि गर्दीला नुसत्या हातवाऱ्यांनी बाजूला करत होता. पुढे त्याचा आवाज परत आला. पूर्वीइतका नाही. "अर्धा भोंगा," तो स्वतःला म्हणतो, आणि तो अर्धासुद्धा फोनवर कान बधिर करतो.

हे सगळे नंतरचे. मला सांगायची आहे ती तिच्या तिथल्या पहिल्या लांब ड्यूटीची गोष्ट. दिवस आणि रात्र, सलग. इकडे यांचेही दिवस आणि रात्र सलग. "तुम्ही तरी आडवे व्हा," मी कितीदा म्हटले असेल. हे खुर्चीत बसून, फोन मांडीवर. आपण ज्यांना ओळखत नाही, ज्यांनी कधी डेपो पाहिला नाही, अशा माणसांनी आपल्या लेकीला वेळेवर सोडायला हवे; आणि ते यांच्या हातात नव्हते. इतकी वर्षे चाव्या यांच्या हातात होत्या. सकाळ झाली. मी ताट वाढून समोर ठेवले. "थोड्या वेळानं," हे म्हणाले.

मग तिचा निरोप आला. हे चष्मा वर करून वाचू लागले. ‘सुटले. मोठ्या बाईंनी खरंच हाताला धरून बाहेर काढलं. खोलीत आले. झोपते.’ यांनी तो दोनदा वाचला आणि फोन माझ्याकडे दिला.

दुपार टळल्यावर फोन वाजला. लेकीचा आवाज जाडसर, झोपेतून उठलेला, लहानपणी शाळेच्या सुट्टीत असायचा तसा.

"आई, आत्ता उठले. एवढी भूक लागलीय ना! भिंत खाईन असं वाटतंय."

"मग खा काहीतरी आधी."

"खाते. खिडकी खरंच लागत नाही गं, एक पुठ्ठा लावलाय. आई, काल एक आजी आली होती, तिचं सांगायचंय बाबांना. दे ना त्यांना."

मी खुर्चीकडे पाहिले.

"झोपलेत."

"आत्ता? या वेळेला?"

"तुझा निरोप वाचला आणि बसल्या जागी डोळा लागला. सकाळपासून."

"जेवले?"

"नाही. ताट तसंच आहे."

"उठवू नकोस, आई."

"नाही उठवत."

"घोरतायत?"

"ऐक," मी म्हटले आणि फोन यांच्या तोंडाजवळ धरला. यांची मान एका बाजूला कलली होती, चष्मा छातीवर घसरला होता. मी हात अवघडेपर्यंत फोन तसाच धरून ठेवला. तिकडून तिनेही फोन ठेवला नाही.

मग मी दुसऱ्या हाताने यांच्या पायांवर चादर ओढली आणि ताट झाकून ठेवले.